घरातले शब्द आणि स्पॅनिश भाषा



"घरी उर्दू-मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात आणखी स्पॅनिश कशाला?" असे एका पालकांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. नवी भाषा म्हणजे नवे ओझे, असे वाटणारच. पण ज्या मुलाने मक्तबात कायदा गिरवला आहे, त्याच्याजवळ या भाषेची थोडी शिदोरी आधीच आहे.

इ. स. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम राज्य होते. राज्य गेले, पण अरबी शब्द तिथल्या घराघरांत राहिले. उशीला स्पॅनिशमध्ये 'आल्मोआदा' म्हणतात. मूळ अरबी शब्द 'अल्-मिखद्दा'; 'खद्द' म्हणजे गाल, आणि गाल टेकण्याची ती उशी! साखर म्हणजे 'असूकार', तेल 'असेइते', तांदूळ 'अर्रोस'. (हे उच्चार लॅटिन अमेरिकेतले.) इथे 'अल्' कुठे गेले? मुलांनो, शम्सी हरफांचा नियम आठवा : अस्-सुक्कर, अज़्-ज़ैत, अर्-रुज़्ज़. लाम लिहितात, वाचत नाहीत. स्पॅनिश लोकांनी कानाला ऐकू आले तसेच घेतले. आणि 'सुक्कर' तरी कुठला? आपली 'शर्करा'च फारसी-अरबीतून तिकडे पोहोचली.

मात्र प्रत्येक साम्य अरबीतून आलेले नसते. आपली 'चावी' आणि 'बालदी' पोर्तुगीजांनी दिली. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, म्हणून तिथेही किल्लीला 'यावे' आणि बालदीला 'बाल्दे' म्हणतात.

आता अभ्यासाची रीत सांगतो. घरातल्या दहा वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवा. शब्द एकटा पाठ करू नका. 'एल' किंवा 'ला' यांसह करा. एल वासो म्हणजे पेला, एल कुचियो म्हणजे सुरी. ला कुचारा म्हणजे चमचा, ला सिया म्हणजे खुर्ची. 'एल' पुल्लिंगी, 'ला' स्त्रीलिंगी. नामांना नपुंसकलिंग नाही. आपले 'ते टेबल' तिथे 'ला मेसा' होते. रोज जेवताना आईने एकेक वस्तू दाखवून नाव विचारावे. तिला स्वतःला स्पॅनिश येण्याची गरज नाही. चिठ्ठी समोर आहेच.

पालकहो, केवळ दहा शब्दांनी नोकरी मिळत नाही, हे मी मान्य करतो. पण आपली मुले वर्गात घरचा शब्द तोंडून निघाला की बिचकतात, मक्तबातले शिक्षण शाळेत निरुपयोगी समजतात. ही भीती गेली, तर पुढची कोणतीही भाषा त्यांना जड जाणार नाही. घरच्या शब्दांची लाज बाळगू नका, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.