रताळे : उपवासापलीकडील अन्न



कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात पिकणारी रताळी एकादशीला, महाशिवरात्रीला घरोघरी शिजतात. परंतु पिष्टमय पदार्थ, तंतू व पोटॅशियम पुरविणारे हे कंद केवळ उपवासापुरते राहू नये. मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. पांढऱ्या गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन अत्यल्प असते. नारिंगी गरात ते विपुल असून शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. या जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांना रातांधळेपणा जडतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचा 'भू सोना' हा वाण नारिंगी गराचाच आहे. रताळे सालीसकट उकडून किंचित तेलातुपासह खाल्ल्यास कॅरोटीन अंगी लागते. ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत असे वेल लावावेत. बालकांच्या दृष्टीचे रक्षण गावच्याच मातीतून होऊ शकेल.