आठ बाइटांची अडचण

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

दूरच्या दोन कार्यालयांमधली लाइन पूर्ण बंद पडली तर काम त्या मानाने सोपं असतं. मोडेमचा दिवा सांगतो, आणि जवळपास कुठे रस्ता खोदलेला असेल तर तोही सांगतो. माणसाला खरी छळते ती अर्धवट चालणारी लाइन.

एका बँकेची तालुक्याच्या गावातली शाखा. तिथला सर्व्हर रोज संध्याकाळी दिवसभराच्या व्यवहारांची फाइल मुख्य कार्यालयाकडे पाठवायचा. एके दिवसापासून ती जाईना. लॉगिन व्हायचं, एखाद्या खात्याची शिल्लक दिसायची, पण फाइल सुरू केली की जागीच अडायची. तीन आठवडे तिथल्या क्लार्क बाई रात्री नऊ-दहापर्यंत थांबत होत्या. लाइनवाले म्हणत, पिंग जातोय, लाइन ठीक आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणत, बाकी शाखांत हेच चालतं. शेवटी ठपका बाईंवर आला, त्याच काहीतरी चुकीचं दाबत असतील! दुरुस्तीला गेल्यावर ते ऐकून मला आलेला राग अजून गेलेला नाही.

पिंग म्हणजे काय ते आधी पाहू. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये तो लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची आणि ओ किती वेळात येते ते मोजायचं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे ८०० किलोमीटरवरच्या सर्व्हरची ओ आठ मिलिसेकंदांच्या आत येऊच शकत नाही. लाइन भूस्थिर उपग्रहावरून असेल तर जाऊन-येऊन जवळपास अर्धा सेकंद लागतो. याला बिघाड म्हणू नये, ते अंतर आहे.

पण विंडोज सर्व्हरवरून साधा पिंग केला, तर तो अवघे ३२ बाइट नेतो. सायकलवाला पूल ओलांडून गेला म्हणून उसाने भरलेला ट्रॅक्टर जाईलच, असं कसं म्हणायचं?

म्हणून मी पिंगवर ओझं लादलं. 'तुकडे करायचे नाहीत' ही अट घालून १४७२ बाइट दिले. त्यावर पत्त्याबित्त्याचे २८ बाइट चढतात आणि इथरनेटच्या पॅकेटची नेहमीची १५००ची मर्यादा भरते. उत्तर नाही. १४०० दिले, उत्तर आलं. १४६४ला आलं. १४६५ला पुन्हा शांतता.

आठ बाइट कमी पडत होते, आणि ते कुठे गेले हे माझ्या लगेच लक्षात आलं. शाखेने तीन आठवड्यांपूर्वीच लीज्ड लाइन सोडून ब्रॉडबँड घेतलं होतं. त्या ब्रॉडबँडच्या पीपीपीओई पद्धतीत प्रत्येक पॅकेटला आठ बाइटांचं जादा वेष्टन लागतं. मालाला जागा उरते १४९२.

खरं तर एवढ्याने काम अडत नाही. पॅकेट मावत नसेल तर वाटेतला राउटर पाठवणाऱ्याला उलट निरोप देतो, 'मोठं आहे, १४९२चं पाठव.' ही रीत १९९०पासून लेखी ठरलेली आहे. हा निरोप आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप-पद्धतीतून येतो, पिंगही तिच्यातूनच जातो. आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये कुणीतरी पूर्वी, सुरक्षा म्हणून, पिंग सोडून आयसीएमपीचे सगळे निरोप बंद करून टाकले होते. राउटर सांगत होता, सर्व्हरच्या कानावर पडत नव्हतं, आणि तो तीच मोठी पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत होता. लॉगिन आणि शिल्लक लहान पॅकेटांत मावायची, म्हणून ती चालायची.

सर्व्हरची मर्यादाच १४९२वर आणून मोकळं होता येतं. बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही, कारण आंधळा नियम तसाच राहतो आणि पुढच्या बदलाला पुन्हा कुणीतरी रात्री थांबतं. मी फायरवॉलमध्ये तेवढा एक निरोप मोकळा केला. पुन्हा १४७२चा पिंग. या वेळी उत्तर आलं, 'तुकडे करणं आवश्यक आहे.' बाईंना फाइल सुरू करायला सांगितली.

अहवालाच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं की यात त्यांची काहीही चूक नव्हती. त्या दिवशी बाई साडेसहाला घरी निघाल्या.