मोटारीचा धूर आणि मोटारीचा जोर

(हेमलकसा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व वाहनचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



भामरागड तालुक्यात मोटार ही चैनीची वस्तू नव्हे, हे आपणांस सांगावयास नको. 1973 साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू झाले तेव्हा रुग्णाला खाटेवर घालून खांद्यावरून आणावे लागे. आता जीप आहे, पिकअप आहे, रुग्णवाहिका आहे. मात्र आडरानात चालणारी वाहने पुष्कळदा कारखान्यातून निघाली तशी राहत नाहीत. कोणी जुन्या जीपला दुसरे एंजिन बसवितो, कोणी मालगाडीच्या सांगाड्यावर रुग्णांसाठी पेटी चढवितो, कोणी मोठी चाके घालतो. अशी गाडी चिखलात ओढेनाशी झाली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो हा, की खालचा कन्व्हर्टर काढून टाका, गाडी मोकळी होईल. या सल्ल्यात तथ्य किती, याचा आज विचार करावयाचा आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीत बसविलेला पोलादी डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची, बहुधा चिनी मातीच्या जातीची वीट असते, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म थर असतो. (शहरांतून या डब्यांच्या चोऱ्या होतात त्या या धातूंपायीच.) डबा सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअस तापला की विषारी कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन यांचे कर्बवायू आणि पाणी होते, नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन उरतो. यासाठी एक भाग पेट्रोलास 14.7 भाग हवा हे प्रमाण राखावे लागते, व ते राखण्याचे काम ऑक्सिजन संवेदक आणि गाडीतील संगणक करतात. आपल्या देशात मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना 1995 च्या एप्रिलपासून हा डबा सक्तीचा झाला. शिसे त्यास मारक असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले.

आता जोराची गोष्ट. धुराच्या वाटेत वीट ठेवली म्हणजे थोडा अडथळा होणारच. परंतु डबा निरोगी असेल व एंजिनाच्या मापाचा असेल तर हा तोटा अल्प असतो, आणि तोही एंजिन अत्युच्च फेऱ्यांवर पळत असतानाच जाणवतो. शर्यतीच्या मोटारीला मोकळ्या नळीचा लाभ होतो, हे मान्य केले पाहिजे. पण आलापल्लीहून भामरागडकडे येणारी भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर चालते. तेथे मोकळ्या नळीने वाढतो तो मुख्यतः आवाज, आणि आवाज वाढला की चालकास जोर वाढल्याचा भास होतो.

मग डबा काढल्यावर काही गाड्या खरोखरच सुधारतात त्या कशामुळे? कारण त्यांचा डबा आधीच तुंबलेला अथवा वितळलेला असतो. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर कच्चे पेट्रोल डब्यात जाऊन जळते व वीट वितळते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर जळक्या तेलातील फॉस्फरस धातूंवर बसतो. रॉकेल मिसळलेल्या इंधनातील गंधक त्यांचे काम मंदावते. तापलेली गाडी एकदम नाल्याच्या पाण्यात घातली तर वीट तडकू शकते, आणि पावसाळ्यातील आपले रस्ते पाहता हे कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. म्हणजे दुखणे बहुधा वरचे असते आणि शस्त्रक्रिया खालच्या अवयवावर होते. डबा तुंबला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. पुढचा संवेदक काढून तेथे दाबमापक लावावा व एंजिन मिनिटास 2,500 फेऱ्यांवर ठेवावे. दाब दर चौरस इंचास सुमारे 3 पौंडांहून अधिक भरला तर वाट अडली आहे असे समजावे.

फेरफार केलेल्या गाडीत एक जादा अडचण असते. लहान एंजिनासाठी बेतलेल्या डब्यातून मोठ्या एंजिनाचा धूर सोडला तर तो खरोखरच गुदमरतो. यावर उपाय योग्य मापाचा डबा हा होय. उलट संगणकावर चालणाऱ्या गाडीतून डबा नुसता कापून काढला तर मागचा संवेदक तक्रार नोंदवितो, आणि कित्येक गाड्यांत संगणक एंजिनाचा जोर आवळून धरतो. जोरासाठी केलेल्या खटाटोपाने जोर जातो, तो असा.

डिझेल गाड्यांत 2020 च्या एप्रिलपासून, भारत स्टेज सहा आल्यावर, काजळी धरणारी गाळणी सर्वसाधारण झाली व अनेक गाड्यांना युरियाच्या द्रावाची टाकीही आली. गाळणीतील काजळी जळण्यास धूर सुमारे 600 अंशांपर्यंत तापावा लागतो; हेमलकसा ते भामरागड अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडत नाही. अशी गाडी अधूनमधून आलापल्लीपर्यंत एका लयीत न्यावी आणि गाळणी साफ होत असल्याचा दिवा लागलेला असता मध्येच बंद करू नये. द्राव 32.5 टक्के शुद्ध युरियाचा असतो. शेतातील युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा मोह कोणास होईल तर त्याने तो आवरावा. 2015 पासून आपल्या शेतीच्या युरियास कडुनिंबाचा लेप असतो. त्याने फवारणीची तोटी व उत्प्रेरक दोन्ही निकामी होतात. द्राव संपला तर अनेक गाड्या बंद केल्यावर पुन्हा चालूच होत नाहीत. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पुनःपुन्हा तुटला होता. अशा दिवसांसाठी डिझेलइतकाच द्रावाचाही साठा लागतो.

रुग्णवाहिकेविषयी मात्र निक्षून सांगितले पाहिजे. डबा कापून जोडलेली नळी सांध्यात गळू लागली तर धूर पेटीच्या तळाशी साचतो, फटींतून आत शिरतो, आणि आता त्यात कार्बन मोनॉक्साइड पूर्ण मात्रेत असतो. या वायूस वास नाही, रंग नाही. पावसामुळे खिडक्या मिटलेल्या, आत धाप लागलेला रुग्ण, आणि तो गुंगला तर सोबतच्यांना वाटणार की आजारच बळावला.

डबा जागेवर ठेवण्याचीही एक जबाबदारी आहे. तो अतिशय तापतो. मार्च ते मे या काळात, मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात, वाळलेल्या गवतावर अगर पाचोळ्यावर गाडी उभी केल्यास खालून पेट घेण्याचा धोका असतो. तळाचा उष्णतारोधक पत्रा खडखडतो म्हणून पुष्कळ जण उपटून टाकतात. तो पत्रा याचसाठी दिलेला असतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई असून, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारास प्रत्येकी 5,000 रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, तर प्रदूषणाच्या उल्लंघनास 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पीयूसी प्रमाणपत्र हाती आहे एवढ्याने कोणी निश्चिंत होऊ नये; त्या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत.

ज्या पंचायती अथवा संस्था जुन्या गाडीवर रुग्णपेटी बांधून घेणार असतील, त्यांनी कारागिराशी करावयाच्या करारातच एंजिनाच्या मापाचा डबा, त्याखालील पत्रा, पेटीच्या मागील टोकापलीकडे काढलेली धुराची नळी आणि पेटीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र, या बाबी लिहून घ्याव्यात. पेटी बांधून झाल्यावर नळी फिरविणे अवघड जाते.