व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा



“आम्हाला अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला,” असं सोसायटीच्या कट्ट्यावर एखादे काका सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, आता हे खुशाल दहा वर्षं तिकडे राहणार. तसं नसतं. ती दहा वर्षं म्हणजे नुसती दार ठोठावण्याची मुदत. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर तो सहसा सहा महिने देतो. त्याने नोंदवलेली तारीख उलटली की पासपोर्टावरच्या दहा वर्षांच्या शिक्क्याचा काही उपयोग नाही. मुलीच्या बाळंतपणापुरते सहा महिने पुरतात. नातवंड पाळणाघरात जाईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर नाही पुरत.

म्हणून लांबच्या मुक्कामाचा विचार करताना दोनच गोष्टी आधी विचाराव्यात. एका खेपेला किती दिवस राहता येईल? आणि तिथे आपण कोणाच्या पैशावर राहणार आहोत?

मुलं कॅनडात असतील तर तुमचं नशीब बरं. तिथे ‘सुपर व्हिसा’ नावाची सोय आहे, ती खास आईवडील आणि आजीआजोबांसाठी. मुलगा किंवा नातू तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. पूर्वी एका खेपेला दोन वर्षं राहता येत असे. जुलै २०२२ पासून सलग पाच वर्षं राहता येतं. उत्पन्नाचे कागद मुलाने द्यायचे, त्याच्या घरात माणसं किती त्यावर रकमेची अट ठरते. आपल्या वाट्याला येतो तो आरोग्य विमा: निदान एक वर्षाचा, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा. खरी मेख इथेच आहे. सत्तरीच्या माणसाला मधुमेह किंवा रक्तदाब असतोच, आणि जुन्या आजाराचा खर्च विमा देतो की नाही, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत दडलेलं असतं. हप्ता किती हे सगळे विचारतात, ही अक्षरं मात्र फार थोडे वाचतात. दवाखान्याचं बिल आल्यावर ती वाचण्यात अर्थ नाही.

परदेशात मुलं नाहीत, पण हातपाय धड आहेत तोवर कुठे तरी निवांत राहावं असं वाटणारेही आता बरेच आहेत. त्यांच्यासाठी जवळचा देश थायलंड. पन्नाशी ओलांडलेल्यांना तिथे निवृत्तांचा एक वर्षाचा व्हिसा मिळतो. त्यासाठी आठ लाख बाट बँकेत ठेव दाखवायची किंवा महिन्याला पासष्ट हजार बाट उत्पन्न. आठ लाख बाट म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. पासष्ट हजार बाट म्हणजे दीड लाखाहून जास्त पेन्शन. आपल्याकडे ती किती जणांना मिळते? त्यामुळे बहुतेकांना ठेवीचाच रस्ता. शिवाय पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि आरोग्य विमा. तिथे सलग राहिलात तर दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. आणि नोकरी करायची नाही, हे स्पष्ट आहे.

घरबसल्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुणांसाठी त्याच देशाने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा वेगळा व्हिसा काढला. तो पाच वर्षांचा, पण एका खेपेला १८० दिवसांचा. पाच लाख बाट शिल्लक दाखवायची आणि काम थायलंडबाहेरच्या मालकाचं हवं. एक गोष्ट मात्र एजंट सांगत नाहीत: वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी ठरता, आणि बाहेरून तिथे आणलेल्या कमाईचा प्रश्न उभा राहतो. आपल्या कंपनीलाही आधी विचारायला हवं. मालकाला न कळवता बँकॉकहून लॉग-इन करणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

निवृत्ताचा आणि कामकऱ्याचा व्हिसा एकमेकांच्या जागी चालत नाही, हे स्पेनमध्ये फार स्पष्ट दिसतं. तिथला न कमावणाऱ्यांचा व्हिसा महिन्याला साधारण २,४०० युरो दाखवले की मागता येतो, पण ते पैसे पेन्शन, व्याज, भाडं अशा मार्गाने यायला हवेत. तेवढीच रक्कम लॅपटॉपवर राबून मिळवत असाल तर तो व्हिसा तुमचा नाही; तुमच्यासाठी डिजिटल नोमॅडचा वेगळा आहे. पोर्तुगालनेही असेच दोन वेगळे रस्ते ठेवले आहेत. दुबईत पंचावन्नच्या पुढच्या निवृत्तांना पाच वर्षांचा परवाना मिळतो, पण त्यासाठी दहा लाख दिरहमची ठेव, तेवढी मालमत्ता किंवा भरघोस मासिक उत्पन्न लागतं. मध्यमवर्गीय पेन्शनरने त्या वाटेला जाऊ नये.

आता आपल्या बाजूचा हिशेब. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही इथले करदाते, आणि जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण ठेवीसारख्या कारणासाठी दहा लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरल्यावर तो जुळवून घेता येतो, तोवर पैसे अडकून राहतात. थायलंडची ठेव ठरवताना हे लक्षात घ्या.

हे नियम वारंवार बदलतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः उघडा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या. आणि पेन्शनर मंडळी, नोव्हेंबरात तुम्ही परदेशी असलात तरी हयातीचा दाखला द्यावाच लागतो. तो तिथल्या भारतीय वकिलातीतून मिळतो. जाताना पीपीओ, म्हणजे पेन्शन आदेशाचा, क्रमांक सोबत ठेवा.