द्वेषाचं बोलणं म्हणजे नेमकं काय?

मी अंधेरीहून बोलतेय, इथल्या बचत गटांचं काम पाहते. गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला. अमुक समाजाच्या बायकांच्या हातचे पापड-मसाले घेऊ नका, त्यात काहीबाही मिसळतात. त्या समाजाच्या दोघी आमच्याच गटात आहेत. मासिक बैठकीला दोघीही आल्या नाहीत. एकीने कर्जाचा हप्ता मुलाच्या हाती पाठवला.

त्या बैठकीत ‘हेट स्पीच’ हा शब्द निघाला. मराठी बातम्यांत त्याला द्वेषमूलक भाषण म्हणतात. एकजण म्हणाली, “ताई, मी नगरसेवकाला शिव्या घातल्या तर तेही तेच का?” नाही गं. नळाला पाणी नाही म्हणून त्याला बोललीस, तर ती तक्रार. शिवी वाईटच, पण ती एका माणसाला, त्याच्या कामावरून. जात, धर्म, भाषा किंवा प्रांत पाहून ‘ते सगळे तसलेच’ म्हणायचं आणि लोकांना त्यांच्यावर उठवायचं, ते द्वेषाचं बोलणं. आपल्याला न पटलेल्या प्रत्येक बोलण्याला हा शब्द चिकटवू नये.

आपल्या कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही. पण समाजासमाजांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मोबाइलवरचा मजकूरही त्यात येतो. तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं.

मोठ्यांचं काय? आमच्या शेजारी विलेपार्ल्यात १९८७ साली पोटनिवडणूक झाली, डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितली आणि तेढ वाढवली म्हणून हायकोर्टाने १९८९ मध्ये ती निवडणूक रद्द केली. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. त्या प्रचारातल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही पुढे सहा वर्षं गेला. हे सगळं निवडणूक कायद्याखाली झालं, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंतच आठ वर्षं लागली.

आपल्याला एवढं थांबता येत नाही. आमच्याकडे मेसेज पुढे ढकलला होता तो गटाच्या खजिनदारानेच, नीट न वाचता. तिने तो पुसला, गटावर चूक कबूल केली आणि दोघींच्या घरी जाऊन आली. पुढच्या बैठकीला एकजण आली. दुसरीच्या मसाल्याची ऑर्डर अजून अडली आहे, ती मिळवून देण्यासाठी आम्ही दारोदार फिरतोय.