भात बंद करू नका, ताट बदला



मधुमेहावरची परिषद शहरातल्या सभागृहात न भरवता सातपुड्याच्या या डोंगरपायथ्याशी, भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या आंबागडला भरवली, याबद्दल संयोजकांचे मी मनापासून आभार मानतो. गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या अमलात, सन 1700 च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधलेला किल्ला इथून दिसतो आणि किल्ल्याच्या खाली जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या. ज्या ताटाविषयी आज बोलायचे आहे, ते ताट याच बांध्यांतून भरते. ते नजरेसमोर ठेवूनच बोलावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आपल्याकडे कुणाला ‘शुगर निघाली’ की दुसऱ्या दिवशी गावात पहिले वाक्य ऐकू येते, ‘डॉक्टरनं भात बंद केला.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते मला आजारापेक्षाही जास्त छळते. गेल्या पावसाळ्यात याच तालुक्यात एका घरी गेलो होतो. रोवणीला जाणारी पन्नाशीची बाई, अंगाने सडपातळ, नुकतेच निदान झालेले. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्यावर एक छापील कागद टांगला होता, कुठल्याशा दवाखान्याने दिलेला. सकाळी ओट्स, अकरा वाजता सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि सॅलड, रात्री सूप. खाली फिक्या निळ्या अक्षरात ‘भात वर्ज्य’. आणि त्या कागदाच्या बरोबर खाली, चुलीजवळ, तिचे ताट. भाताचा ढीग, त्यात वरणासाठी बोटांनी केलेले आळे, आळ्यात पातळ पिवळे पाणी आणि कडेला बटाट्याच्या रश्शातल्या दोन फोडी. तिने कागद फेकून दिला नव्हता. रोज त्याच्याकडे बघत, अपराधी मनाने, ती भात खात होती. आपण तिला औषध दिले आणि सोबत अपराध दिला. जेवण मात्र दिले नाही.

त्या ताटाचा हिशेब करू. कोरड्या तांदळाच्या 100 ग्रॅममध्ये 78 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि प्रथिने जेमतेम सात-आठ ग्रॅम. अंगमेहनत करणारा माणूस एका वेळेला 150 ग्रॅम तांदळाचा भात सहज खातो. म्हणजे एका बसणीत 115 ग्रॅमच्या वर कर्बोदके रक्तात उतरायला निघतात आणि त्यांचा वेग अडवायला ताटात ना डाळ, ना भाजी, ना मासा. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासला की कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर तंतूही. आजीच्या काळी ढेकीवर किंवा मुसळाने कांडलेल्या तांदळाला थोडा कोंडा चिकटून राहत असे. पण तेव्हाच्या ताटातही भातच होता, हे विसरून चालणार नाही. फरक पडला तो कष्टात. पाणी भरणे, कांडणे, पायी चालणे कमी झाले आणि भाताचा ढीग तेवढाच राहिला.

मग माणूस सडपातळ असून त्याला मधुमेह कसा, असा प्रश्न इथले लोक विचारतात. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती महिलांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, स्नायूंनी कमी, पण चरबीने मात्र कमी नसतात, हे त्यातून पुढे आले. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांच्यासोबत स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही शरीर-वजन निर्देशांक 22.3. पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि यूडकिन यांची 9.1 टक्के. हे चित्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागले पाहिजे असे मला वाटते, कारण ‘वजन कमी करा’ हा एकच सल्ला सर्वांना देण्याची आपली सवय त्याने मोडेल.

वजन कमी करण्याचे महत्त्व मी नाकारत नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाने 2017 मध्ये दाखवून दिले की निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, वजन जास्त असलेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे 850 कॅलरींवर ठेवले आणि मग बेताने जेवण सुरू केले, तर वर्षाअखेर 46 टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली राहतात. 15 किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण 86 टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र एकूण आकडा 36 टक्क्यांवर आला. तुमसरच्या बाजारपेठेत दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्या माझ्या बांधवांनी हे जरूर ऐकावे. पण रोवणीला वाकणाऱ्या त्या बाईने 15 किलो उतरवायचे कुठून? तिच्यासारख्या माणसाचे वजन आपोआप उतरत असेल तर तिथे शाबासकी देऊ नका. क्षयरोगाची तपासणी करा, साखर अनियंत्रित आहे का ते बघा. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली आहे. हा प्रकार आपल्यासारख्या भागातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत तेल घालून शोधला पाहिजे.

दोन वेळाच जेवा, या चळवळीबद्दल मला दरवेळी विचारतात, म्हणून बोलतो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली ही कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, 55 मिनिटांच्या आत जेवण संपवायचे, मध्ये काही खायचे नाही. मराठी माणसाच्या हातातले चहा-बिस्कीट खाली ठेवायला लावण्याचे फार मोठे काम या चळवळीने केले. दर दोन तासांनी खा, असे सांगणाऱ्या आम्हा डॉक्टरांनाही तिने विचार करायला भाग पाडले. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता एक जेवण टाळले तर साखर धोकादायक खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, भान जाते. संध्याकाळी उपाशीपोटी मोहाची घेणाऱ्याला हा धोका दुप्पट, कारण दारू यकृताला साखर सोडू देत नाही आणि शेजारी समजतात की चढली आहे. जेवण बदलाल त्या दिवशी औषधाचाही विचार झालाच पाहिजे. आशाताईंनो, हे एक वाक्य तुम्ही घरोघर पोहोचवा.

आता मूळ मुद्दा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आपल्या जेवणातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. याच गटाने 2022 मध्ये गणित मांडले की नवे निदान झालेल्यांनी मधुमेह मागे हटवायचा असेल तर कर्बोदके साधारण 49 ते 54 टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिने 19-20 टक्क्यांपर्यंत न्यावीत. म्हणजे शून्य भात नव्हे. भाताचा ढीग निम्म्याच्या आसपास आणायचा आणि मोकळी झालेली जागा डाळ, मासा, अंडे, दही यांनी भरायची. भाताऐवजी चपात्या हा उपाय फारसा कामाचा नाही, हेही याच पाहणीच्या 2025 च्या निष्कर्षांत आहे. गव्हाच्या पिठातही कर्बोदकेच आहेत. भात सोडून पाच चपात्या खाणाऱ्या माणसाने स्वतःचे समाधान केले, साखरेचे काही वाकडे केले नाही.

ताटातली ही जागा भरायला भंडाऱ्याला बाहेरून काही आणावे लागत नाही, हे मला अभिमानाने सांगायचे आहे. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव हे आपले प्रथिनांचे कोठार आहे. ढिवर बांधवांच्या टोपल्यांतले रोहू, मरळ, झिंगे बघा. 100 ग्रॅम माशात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि कर्बोदके जवळजवळ नाहीत. मासा तळून खाऊ नका, कालवण करा. कालवण चांगले झाले की भात जास्त जातो, ही अडचण मला ठाऊक आहे, म्हणून भात आधी वाटीने मोजून ताटात घ्यावा आणि पातेले चुलीजवळच राहू द्यावे. धान निघाल्यावर बांधीत चणा, वाटाणा, जवस येते. वालाच्या शेंगा येतात. जे मांसमच्छी खात नाहीत त्यांच्यासाठी घट्ट वरण, उसळ, पातोडीचा रस्सा आहे. लाखोरी डाळीबद्दल जुनी भीती अनाठायी नव्हती. दुष्काळात तेच मुख्य अन्न झाले तेव्हा माणसांचे पाय लुळे पडले. तिला रोजची डाळ करू नये, बाकी डाळी आहेतच. आणि भाज्या! तरोटा, अंबाडी, पातूर, वास्ते, पावसाळ्यातल्या सात्या. जंगलातून ओटीत भरून आणलेल्या या भाजीला आपण गरिबीची खूण मानू लागलो आणि फ्लॉवर-बटाट्याला प्रतिष्ठा दिली. शिंगाडा मात्र भाजी समजून खाऊ नका, त्यात पिष्ट भरपूर असते. उपवासाला साबुदाणा बंद करून शिंगाड्याचा शिरा करणाऱ्यांचा गैरसमज इथेच दूर व्हावा.

खाण्याचा क्रमही बदलून बघा. आधी भाजी आणि डाळ, भात शेवटी. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय संशोधकांनी 2015 मध्ये एका छोट्या अभ्यासात हे करून पाहिले, तेव्हा तेच पदार्थ खाऊनही जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी चढली. यात खर्च काहीच नाही. जेवल्यावर अंगणात दहा-पंधरा मिनिटे चालण्यातही नाही. तांदूळ घ्यायचा तर उकडा किंवा कमी घासलेला घ्या. मात्र तो वापरला म्हणून ढीग वाढवू नका.

एका गोष्टीवर मला थोडा वेळ हवा आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात डाळीचा गाळ, माशाचे तुकडे, अंडे जाते. तिच्या वाट्याला भात भरपूर उरतो आणि वरणाचे पाणी. मघाशी सांगितलेल्या ताटात दोनच फोडी का होत्या, ते आता लक्षात आले असेल. तिला मधुमेह झाल्यावर आपण तिलाच आहार समजावतो, जणू पातेल्यात काय उरते ते तिच्या हातात आहे. माझे आग्रहाचे म्हणणे आहे की सल्ला घरातल्या सगळ्यांना बसवून द्यावा आणि पहिल्या वाढणीलाच तिचे ताट वाढून बाजूला झाकून ठेवायला सांगावे. सासूबाईंनी हे एकदा मनावर घेतले की कुठल्याही औषधापेक्षा लवकर गुण येतो.

डॉक्टर मित्रांशी दोन शब्द. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात त्या पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येतो. नुसता वाहक असलेल्यातही काही यंत्रांवर घोटाळा होतो. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या बाईचा आकडा उगीच जास्त दिसू शकतो. म्हणून इथे केवळ त्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, दोन्ही बघाव्यात. जेवणानंतरची तपासणी रुग्णाच्या स्वतःच्या घरच्या जेवणानंतर व्हावी, आमच्या ओपीडीच्या बाकावर चहा-पोहे खाल्ल्यावर नव्हे. ताट बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा आशाताईंनी घरीच ग्लुकोमीटरवर साखर मोजून दाखवली तर रुग्णाला भाषण द्यावे लागत नाही.

शासनाकडे आपली मागणी स्पष्ट असावी. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे आणि त्याने उपासमार रोखली याबद्दल कृतज्ञ राहावे. पण त्या कायद्यात डाळ नाही. ज्या जिल्ह्यात तांदूळ घरचाही आहे आणि रेशनचाही, तिथे त्यातल्या थोड्या तांदळाच्या बदल्यात डाळ द्या, असा ठराव या परिषदेने आज करावा. मामा तलावांचा गाळ काढून मच्छीमार संस्थांना बीज द्यावे, हा दुसरा. आणि आपापल्या रुग्णालयांतले ओट्स-सफरचंदाचे कागद काढून, इथल्या घरांत शिजणाऱ्या जेवणाचा तक्ता झाडीबोलीत छापावा, हा तिसरा. त्याचे काम आपणच करायचे आहे, शासनाची वाट पाहायची नाही.

दुपारच्या सत्रात आशाताई आपापल्या गावांतल्या ताटांच्या नोंदी मांडणार आहेत. त्यांच्या वाट्याचा वेळ मी खाऊ नये. ठराव वाचायला मी परिषदेच्या सचिवांना विनंती करतो.