भ्रमनिरास म्हणजे निराशा नव्हे
(जबलपूरच्या गोरखपूर भागातील सभेत केलेले भाषण)



'भ्रमनिरास' या शब्दात पुष्कळांना 'निराशा' ऐकू येते. वस्तुतः 'निरास' म्हणजे दूर सारणे. भ्रम दूर होतो. आशा सोडावी लागत नाही.

मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत. त्यांच्या 'एक साहित्यिक की डायरी'तील लेख याच जबलपुरातून निघणाऱ्या, हरिशंकर परसाईंच्या 'वसुधा' मासिकात प्रसिद्ध झाले. स्वतंत्र देशाचे सरकार विचारस्वातंत्र्य जपेलच, अशी त्या पिढीतील अनेकांची समजूत होती. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने मुक्तिबोधांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावरच बंदी घातली. घाव खोल होता. तरीही १९६४ च्या अखेरच्या आजारापर्यंत त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

भ्रम गेला की दोन वाटा फुटतात. 'सगळे सारखेच' म्हणत घरी बसण्याची पहिली. तिचा लाभ सत्ताधाऱ्यांनाच होतो. दुसरी वाट, आपण कशावर भिस्त ठेवली आणि ती का ढासळली, याचा कठोर शोध घेण्याची. असा शोध घेणाऱ्याची आशा व्यक्तीवर किंवा सरकारवर विसंबत नाही. ती संघटित जनतेवर उभी राहते आणि म्हणूनच सहजासहजी मोडत नाही.